फळीचं आतलं टोक

"काट्यावर चढ," तो म्हणाला.

मला वाटलं, सळया मोजायच्या आहेत. बांधकामाच्या बाजूला लोखंडाचं दुकान होतं. त्याच्या ओट्यावर मोठा वजनकाटा. सळयांचे भारे, खिळ्यांची पोती, भंगार, सगळं त्यावर चढायचं. मी इकडेतिकडे पाहिलं. उचलायला काहीच नव्हतं.

"तुलेच म्हणून राहिलो. चपला काढ अन् चढ."

अमरावतीत त्या कामावर आम्ही पाच बाया होतो. पाचही जणींना एकेक करून चढवलं. दुकानातले हमाल चहा पीत पाहत होते. कांताबाई सर्वांत भारी भरली, पण तिचे गुडघे गेलेले, शिडी चढवत नाही. बाकीच्या तिघी वाळलेल्या. माझा काटा बावन्नवर थांबला. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली. बाजारात बैलाभोवती मारतात तशी.

"एक पोतं सिमेट अन् वर दोन किलो," तो म्हणाला. "भरली बी बरोबर जागी हाय."

हमाल हसले. एकाच्या नाकातून चहा आला. मी पदर दातात धरला आणि उतरले. हजेरी घेणाऱ्याने नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "नाव कायले पायजे? वजन लिही."

त्या दिवसापासून त्या कामावर माझं नाव वजन.

हा ठेकेदार. सगळे त्याला भाऊ म्हणत. मीही म्हणायची. तो आमच्याच गावचा, भातकुलीकडचा. नाल्याच्या दोन्ही अंगांची काळी जमीन त्याच्या घराची. माझ्या मायने त्या जमिनीत जन्मभर निंदण केलं, पण त्यांच्या ओट्याला तिची पाठ कधी टेकली नाही. माझ्या आजोबांनी धम्म घेतला. आमच्या वस्तीत पंचशीलाचा झेंडा आहे. पण भाऊच्या नजरेत आम्ही अजून गावाच्या त्याच कडेला उभे.

मी चौथी शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि निंदण इथे होतं. लहानपणापासून मी कमी बोलते. चार माणसांत आवाजच फुटत नाही. भाऊला हे ठाऊक होतं. त्याने काट्यावर माझं वजन पाहिलं, पण निवडलं मला या मुकेपणासाठी, असं आता वाटतं.

काम काय होतं ते सांगते.

इमारत तीन मजली. बाहेरच्या भिंतीला गिलावा करायचा तर खालपासून परांची बांधावी लागते. बांबू लागतात, दोर लागतो, बांधणारी माणसं लागतात. भाऊ परांची बांधायचा नाही. वरच्या मजल्याच्या गॅलरीला अजून कठडा नव्हता. तिथून तो एक जाड फळी बाहेर काढायचा. आठ हात लांब. अडीच हात बाहेर हवेत, साडेपाच हात आत. बाहेरच्या टोकावर उभा राहून मिस्त्री भिंत गिलावणार. त्याच्या खाली काही नाही, तीन मजले खोल नुसता उजेड. आणि फळी उलटू नये म्हणून आतल्या टोकावर एक बाई बसवायची.

पहिल्या दिवशी मी हळूच विचारलं, भाऊ, माझ्या जागी विटा रचल्या तर चालणार नाही का.

"विटा चढवा लागते, उतरवा लागते," तो म्हणाला. "बाई सोताच चढते, सोताच उतरते."

मिस्त्री बाहेर असेपर्यंत उठायचं नाही, हा नियम. पाणी प्यायला नाही. पाय मोकळे करायला नाही. कशालाच नाही. मिस्त्री अकोल्याचा. हात सफाईदार, तोंड घाण. माझ्याकडे पाठ करून काम करायचा आणि काम करता करता बोलायचा. म्हणायचा, वजनबाई, जेवून आली ना पोटभर, नाहीतर मी जाईन खाली. खालचे मजूर हसायचे. मी पदर दातात धरून बसायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी मला लघवी लागली. सुट्टीला बराच वेळ होता. मी मिस्त्रीला सांगितलं. माझा आवाज इतका बारीक की त्याला दोनदा विचारावं लागलं. मग त्याने ते वरून खाली ओरडून भाऊला सांगितलं. सगळ्या कामाने ऐकलं. भाऊने खालूनच उत्तर दिलं.

"दाबून धर म्हना. वजन मुतत नसते."

मी दाबून धरलं. मांड्या एकमेकींवर आवळल्या. डोळ्यांपुढे पिवळं झालं. मिस्त्री मुद्दाम सावकाश थापी फिरवत होता. मग माझं शरीर माझं राहिलं नाही. लुगडं भिजलं. फळीवरून ओघळ निघाला आणि जाता जाता त्याच्या टाचांपर्यंत गेला.

तो शिव्या देत आत आला. भाऊ वर आला. म्हणाला, फळी बाटवली. फळी खाली उतरवली. भर रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, माझ्याकडून ती तीन बादल्या पाण्याने धुऊन घेतली, मग चुन्याने घासून घेतली. ओल्या लुगड्यावर. चुना हाताच्या भेगांत शिरला. भाऊ खुर्चीवर बसून सांगत होता, इकडून घास, आता तिकडून. "तुमच्या लोकाइले कितीक शिकवा," तो म्हणाला, "बसाची जागा अन् हगाची जागा कळत नाई."

मी घासली. दुसऱ्या दिवशी परत त्याच फळीवर जाऊन बसले. घरी चूल होती.

पण त्या दिवसानंतर माझ्यात काहीतरी जागं झालं. मी रडत नव्हते. मी लक्ष देत होते.

एका जागी बसलेल्या माणसाला पुष्कळ कळतं. मिस्त्री एक पाऊल बाहेर टाकायचा, की माझ्या खालची फळी हलकी व्हायची. तो आत आला की जड. डोळे मिटून मी सांगू शकले असते, तो कुठे उभा आहे आणि त्याचं घमेलं भरलेलं की रिकामं. एकदा तो अगदी टोकावर असताना मी दोन हात पुढे सरकले, काठाच्या दिशेने. फळी थरथरायला लागली. कुडाची भिंत वाऱ्यात थरथरते तशी. मी लगेच मागे सरकले. ती शांत झाली. मिस्त्रीला पत्ताही नाही.

मी तीच. बावन्न किलो. दोन हात इकडे बसले तर त्याला धरते, दोन हात तिकडे बसले तर धरत नाही. शेतात सब्बलने धोंडा उपटताना हेच होतं. सब्बल धोंड्याजवळ धरून जोर लावला तर पुरुषाला हलत नाही, शेवटच्या टोकाला धरली तर बाईला हलतो. जोर तोच असतो. टेकूपासून तो किती लांब आहे, त्यावर सगळं.

म्हणजे भाऊचा काटा अर्धंच सांगत होता.

आणि मला दुसरंही कळलं. ज्याला माझी लाज वाटत नव्हती त्याचा जीव रोज माझ्या बुडाखाली होता. मी कोणत्याही दिवशी उठू शकत होते. नुसतं उठायचं. हात लावायचा नाही, शब्द बोलायचा नाही. मनात आलं का? आलं. चुना घासल्याच्या दुसऱ्या दिवशी आलं, खोटं कशाला सांगू. दोन्ही तळहात फळीवर टेकवले होते मी. पण उठले नाही. त्यांनी मला माणसात धरलं नव्हतं. मी धरलं होतं, त्यालाही आणि मलाही.

त्याच आठवड्यात मी विटेच्या तुकड्याने फळीवर एक रेघ ओढली. दोन्ही बाजूंनी, गिरवून गिरवून. जिथे फळी काठावर टेकते बरोबर तिथे. रोज सकाळी फळी लावली, की रेघ काठावर आहे ना ते पाहायची, मगच बसायची. कुणाला सांगितलं नाही.

मग एक दिवस भिंतीचा एक कोपरा गिलावायचा राहिला होता. मिस्त्रीचा हात पोचत नव्हता. दुसऱ्या दिवशी घरमालक पाहायला येणार, म्हणून भाऊ घाईत. तो स्वतः वर आला. दोघांनी मिळून फळी बाहेर ढकलली. दीड हात. चार हात आत, चार हात बाहेर. माझी रेघ काठ सोडून हवेत गेली.

मी उभीच राहिले. म्हटलं, "भाऊ, फळी लय बाहेर गेली. रेघ पाहा."

"कोनती रेघ?"

मी दाखवली.

"आता तू इंजिनेर झाली का वं?" तो म्हणाला. मिस्त्रीही हसला. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं, त्याच्यासाठी.

मी म्हटलं, आज मी पुरणार नाही, दोघी बसवा, नाहीतर पोती ठेवा. इतकं मोठं वाक्य मी त्या कामावर कधी बोलले नव्हते. भाऊने माझ्या कानाखाली मारली. कानात शिट्टी वाजली. त्याने माझी मान धरली आणि खाली दाबली.

मी बसले. हे लपवत नाही. मला ठाऊक होतं आणि मी बसले.

मिस्त्री निघाला. एक पाऊल. दोन. माझ्या खालची फळी हलकी झाली, नेहमीसारखी. मग नेहमीपेक्षा जास्त. मी ओरडले, "मागं या." तो वळत होता, की पुढे पाऊल टाकत होता, मला दिसलं नाही. फळीचं माझं टोक जमिनीवरून उठलं. मी उठले नाही. फळीने मला उचललं. मी वर गेले, मग त्याच फळीवरून काठाकडे घसरत गेले. कॉलमच्या उघड्या सळया बाजूला होत्या. एक हातात आली. तिने तळवा अंगठ्यापासून मनगटापर्यंत फाडला, पण मी सोडली नाही. माझे पाय गुडघ्यापर्यंत बाहेर लोंबत होते. खालून आवाज आला. ओलं पोतं आपटल्यासारखा. त्याच्यामागून फळीचा.

भाऊ माझ्यापासून चार पावलांवर उभा. त्याने मला ओढून आत घेतलं नाही. काठावर येऊन खाली वाकून पाहिलं. आणि ओरडला, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"उठली. रांड उठली."

मी कशीबशी आत आले तर पोटात लाथ. परत लाथ. "मुताले उठली असन," तो म्हणत होता, आणि मारत होता. खालच्या लोकांना त्या दिवशीच्या तीन बादल्या आठवत होत्या. त्यांना पटलं. माझ्या बरोबरीच्या बायांनाही पटलं. कांताबाई डोकं धरून म्हणाली, "दाबून धराचं होतं ना वं माय."

मिस्त्री मेला नाही. विटांच्या ढिगावर पडला. कंबरेचं हाड मोडलं. इथल्या दवाखान्यातून त्याच्या घरच्यांनी त्याला अकोल्याला नेलं.

तिसऱ्या दिवशी भाऊने मला कामावर बोलावून घेतलं. हाताला फडकं बांधून मी गेले. टेबलावर कागद आणि शाईचा डबा. पोलीस ठाण्याचा जमादार पंचनाम्याला येणार होता, त्याच्या आधी हे उरकायचं होतं.

"अंगठा लाव. चांगल्या हाताचा."

मी कागद उचलला. भाऊ म्हणाला, वाचता येते का तुले. मी वाचायला लागले. एकेक अक्षर जोडून, मोठ्याने. मला मनात वाचता येत नाही, ओठ हलवावे लागतात. बाया काम थांबवून ऐकायला लागल्या. कागदावर लिहिलं होतं की मी सूचना असतानाही स्वतःच्या मर्जीने फळीवरून उठले, त्यामुळे मिस्त्री पडला, याबद्दल ठेकेदाराचा काही दोष नाही. मर्जीने हा शब्द मी दोनदा वाचला.

"हे खोटं हाय," मी म्हटलं.

त्याने माझे केस धरले. दुसऱ्या हाताने माझा अंगठा धरून शाईत दाबला आणि कागदाकडे ओढायला लागला. अंगठा कागदापासून चार बोटं राहिला तेव्हा मी त्याच्या मनगटाला चावले. जीव खाऊन चावले. रक्ताची चव आली. त्याने मला टेबलावर आपटलं. नाक फुटलं. कागदावर रक्त सांडलं, शाई सांडली. अंगठा उठला नाही.

जमादार आला तेव्हा मी जमिनीवर बसून नाक पुसत होते. भाऊ त्याला सांगत होता, बाई वेडी आहे, पाहा चावली. मग सगळी तीच गोष्ट. उठली. जमादाराने माझ्याकडे न पाहता विचारलं, काहून उठली.

माझा आवाज फुटेना. खरंच फुटेना. म्हणून मी उठून गेले आणि ती फळी आणली. पडूनही ती फुटली नव्हती. एका हाताने ओढत आणली. पाच विटा एकावर एक रचल्या, त्यावर फळी ठेवली. माझी रेघ बरोबर विटांवर. मग एक पोतं सिमेंट पाठीवर घेतलं. फडकं लाल झालं. ते आतल्या टोकावर ठेवलं. ते मी. दुसरं पोतं आणलं, तिसरं आणलं. दोन्ही बाहेरच्या टोकावर. तो मिस्त्री, घमेल्यासकट, थोडा जास्तच.

फळी हलली नाही. एक पोतं दोन पोत्यांना धरून होतं.

मग मी पोती उतरवली. फळी दीड हात पुढे सरकवली. रेघ विटा सोडून बाहेर गेली. आतल्या टोकावर तेच एक पोतं ठेवलं. बाहेरच्या टोकावर एक ठेवलं. दुसरं त्यावर टेकवलं, अजून हातातून पूर्ण सुटलंही नव्हतं, तोवर टोक धाडकन खाली बसलं. आतलं पोतं वर उठलं आणि घसरत येऊन त्याच्यावर आदळलं. फुटलं. सगळ्यांच्या अंगावर सिमेंट उडालं.

मी फळी उलटी केली आणि जमादाराला खालची बाजू दाखवली. रेघेजवळ काठाने घासून घासून गुळगुळीत झालेली जागा होती, रोजची. आणि तिथून दीड हातावर, बरोबर मध्यावर, एक नवा ओरखडा, लाकडाचा ताजा पांढरा रंग दिसणारा.

आता आवाज फुटला.

"पोतं उठलं का सायेब? पोत्याले मुताचं होतं का?"

कांताबाई हसली. रडता रडता हसली. जमादार हसला नाही. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं, फळी जप्त करायला सांगितली आणि भाऊबरोबर आतल्या खोलीत चहा प्यायला गेला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, मिस्त्री काय सांगतो त्यावर आहे बाई सगळं.

म्हणून मी अकोल्याला गेले. बडनेऱ्याहून गाडीत चढले, मूर्तिजापूरपर्यंत उभी, पुढे जागा मिळाली. मी तोवर एकटीने कधी प्रवास केला नव्हता. मिस्त्री मोठ्या दवाखान्याच्या वॉर्डात होता. कमरेखाली मेलेला. त्याच्या बायकोने मला ओळखलं नाही. मी कोण ते सांगितल्यावर ओळखलं. हातातली थाळी तिने माझ्या तोंडावर मारली, परत परत मारली. मी हात वर केले नाहीत. तिला जे सांगितलं होतं त्यावर ती मारत होती.

मिस्त्रीने तिला थांबवलं. बाहेर पाठवलं. मग छताकडे पाहत म्हणाला, "मले मालूम हाय तू नाई उठली. म्याच ढकलली ना फळी, त्याच्यासंग."

मी म्हटलं, मग तसं सांगा.

"भाऊनं दवाखाना लावून देला. त्याचं नाव घेतलं तर उद्या मले इथून उचलून बाहेर ठेवतीन. पोरं लहान हाय माही." मग मान माझ्याकडे वळवली. "तू काय, तू जाशीन अजून कोनत्या कामावर. तुह्यं काय जाते?"

माझं काय जातं. मी त्या प्रश्नाचा विचार त्याच्या खाटेजवळ उभी राहून केला. तो वाईट माणूस नव्हता. मोडलेला होता, आणि मोडलेल्यालाही हेच ठाऊक होतं की आतल्या टोकावर कुणालातरी बसवलं, की बाहेरच्याचं निभतं. फरक इतकाच, की आता फळी दिसत नव्हती.

मी म्हटलं, "मिस्त्री, मी तुमच्यासाठी बसली होती. लय दिवस बसली. आता नाई बसत."

त्याने जबाबात काय लिहून द्यायचं ते दिलं. बाई उठली, असंच दिलं. मला कळलं तेव्हा राग आला नाही. मी ठाण्यात जाऊन भाऊवर तक्रार दिली. भाऊची माणसं दोनदा घरी येऊन गेली. एकदा दार फोडलं, एकदा माझ्या भावाचं डोकं. गावातले जाणते लोक सांगतात, मिटव. आपल्यातलेही सांगतात. कोर्टाची तारीख लागली आहे. मला कामावर कुणी घेत नाही, भाऊने सगळीकडे सांगून ठेवलं आहे, चावरी बाई म्हणून.

गेल्या सोमवारी मी त्याच्या नव्या कामावर गेले. फळी बाहेर काढलेली होती. आत एक पोरगी बसलेली, बाळंतपणातून नुकतीच उठलेली. मिस्त्री अजून यायचा होता. मी शिडी चढले, तिचा हात धरला आणि तिला उठवलं. मग ती फळी माझ्या फाटक्या हाताने ओढून पूर्ण आत घेतली. खालून माणसं धावली. पाठीत दांडा बसला, डोक्यात बसला. मी फळीवर आडवी पडले आणि दोन्ही हातांनी तिला कवळलं. दांडा कितीदा बसला ते मोजलं नाही. त्या दिवशी तिथे गिलावा झाला नाही.

मी परत जाणार आहे. जिथे जिथे तो फळी काढेल तिथे जाणार आहे. आणि तारखेला त्याच्यासमोर उभी राहून सांगणार आहे, नुसते ओठ हलवत नाही, मोठ्याने. मी बसलेली होते. फळी यानं बाहेर ढकलली. माझा आवाज बारीक आहे. ऐकू आलं नाही तर परत सांगेन. मारलं तर परत सांगेन. मिस्त्रीने खोटं सांगितलं तरी सांगेन. हा माणूस जिवंत आहे तोवर आणि मी जिवंत आहे तोवर, मी हे सांगत राहणार आहे.